अरुंद चॅनेलमधले भोंगे: कोण कुणाला काय सांगतंय?

सुकाणू

परवा मांडव्याच्या रो-रोच्या धाग्यावर एक प्रतिसाद होता, "बोटीने हॉर्न मारून मच्छीमाराला हाकललं." तिथे उत्तर देत बसलो असतो तर तो धागा भरकटला असता, म्हणून हा वेगळा काढतोय.

जहाजाचा भोंगा "बाजूला हो" म्हणत नाही. निदान नियमात तरी तसं कुठेही लिहिलेलं नाही. दोन जहाजं एकमेकांना दिसत असतील तर एक आखूड भोंगा म्हणजे "मी उजवीकडे वळतोय", दोन म्हणजे "डावीकडे वळतोय" आणि तीन म्हणजे "माझं इंजिन उलटं चाललंय". आखूड म्हणजे साधारण १ सेकंद, लांब म्हणजे ४ ते ६ सेकंद. तीन भोंगे ऐकून जहाज मागे येतंय असं समजू नका. हजारो टनांचं धूड इंजिन उलटं फिरवल्यावरही बराच वेळ पुढेच सरकत राहतं.

हे सगळं १९७२ च्या आंतरराष्ट्रीय टक्कर-प्रतिबंधक नियमांत आहे. १५ जुलै १९७७ पासून ते लागू आहेत आणि आपल्या जहाजांनाही तेच बांधतात. त्यातला नववा नियम अरुंद चॅनेलचा, म्हणजे जहाजांच्या अरुंद जलमार्गाचा. त्याचं पहिलं वाक्यच मोलाचं आहे: चॅनेलच्या उजव्या कडेला, सुरक्षितपणे जमेल तितकं चिकटून चालायचं. समोरून कुणी आलं तरच नव्हे, कायमच. गंमत अशी की अरुंद म्हणजे किती अरुंद, हे नियमात कुठेच दिलेलं नाही. ते ठिकाण बघून ठरतं आणि भांडण झालं तर कोर्ट ठरवतं.

नववा नियम पुढे तीन जणांना बजावतो. २० मीटरपेक्षा लहान बोटी आणि शिडाच्या होड्यांनी, ज्या जहाजाला चॅनेलबाहेर पाणीच नाही त्याची वाट अडवू नये. मासेमारी करणाऱ्या बोटीने चॅनेलमधून जाणाऱ्या कुणाचीच वाट अडवू नये. आणि चॅनेल आडवा ओलांडणाऱ्याने, त्यामुळे आत अडकलेल्या मोठ्या जहाजाची अडचण होणार असेल तर ओलांडू नये.

मग रो-रोने मारलेला भोंगा कसला होता? माझा अंदाज, पाच आखूड. निदान पाच, पटापट. अर्थ: "तुझं काय चाललंय ते मला कळत नाही, किंवा तू पुरेसं काही करतोयस असं मला वाटत नाही." ऐकणाऱ्याला ते ओरडल्यासारखं वाटतं हे खरं. पण पाच भोंगे मारणारा माणूस शंकेत आहे असं तो स्वतःच सांगत असतो.

शंकासुर

छान लिहिलंय, पण नेहमीचा प्रश्न. नियम इतके साधे आहेत, भोंगेही आहेत, तर जहाजं भर दिवसा एकमेकांवर आपटतात कशी? समुद्रात जागा कमी आहे का?

सुकाणू

समुद्रात जागा आहे हो, चॅनेलमध्ये नाही. भोंग्यांनीच घात झाल्याचं एक जुनं उदाहरण सांगतो, कॅनडातल्या हॅलिफॅक्सचं. ६ डिसेंबर १९१७.

हॅलिफॅक्स बंदराच्या आत बेडफर्ड बेसिन नावाचं मोठं सुरक्षित पाणी आहे. पहिल्या महायुद्धात तिथे ताफे जमायचे. बेसिन आणि बाहेरचं बंदर यांच्यामध्ये एक अरुंद गळा आहे, त्याला नॅरोजच म्हणतात. एका काठाला हॅलिफॅक्स, दुसऱ्याला डार्टमथ. त्या सकाळी नॉर्वेचं 'इमो' बेसिनमधून बाहेर निघालं होतं. बेल्जियमसाठी मदत भरायला न्यूयॉर्कला जायचं होतं, जहाज रिकामं होतं. आदल्या दिवशीच निघायचं, पण कोळसा उशिरा आला आणि पाणबुड्यांविरुद्धची जाळी रात्री बंद झाली. त्यामुळे घाई होती. फ्रान्सचं 'माँ-ब्लाँ' आत येत होतं. त्याच्या पोटात पिक्रिक ॲसिड, टीएनटी, गनकॉटन ही स्फोटकं, आणि डेकवर ज्वलनशील बेन्झॉलची पिंपं.

'इमो'ची उजवी कड हॅलिफॅक्सची, 'माँ-ब्लाँ'ची डार्टमथची. दोघं आपापल्या कडेला राहिले असते तर काहीच झालं नसतं. पण 'इमो'ला आधी 'क्लारा' नावाचं अमेरिकन जहाज भेटलं, ते चुकीच्या कडेने वर येत होतं. दोघांनी आपसात ठरवून उजवी बाजू उजव्या बाजूला देऊन एकमेकांना ओलांडलं, आणि 'इमो' मध्याकडे सरकलं. पुढे 'स्टेला मॅरिस' ही टग, म्हणजे ओढकाम करणारी बोट भेटली, तिला चुकवताना 'इमो' आणखी डार्टमथकडे गेलं. म्हणजे आता ते पूर्णपणे दुसऱ्याच्या बाजूला, आणि वेगही बंदराच्या मर्यादेपेक्षा जास्त.

'माँ-ब्लाँ'ने एक आखूड भोंगा दिला: मी माझ्या उजवीकडेच. 'इमो'ने उत्तर दिलं, दोन. 'माँ-ब्लाँ'ने इंजिन थांबवून, आणखी काठाकडे सरकत पुन्हा एक दिला. पुन्हा उत्तर, दोन.

माझं सगळं म्हणणं इथेच आहे. दोघांचेही भोंगे ऐकू गेले, अर्थही कळले. तरी प्रत्येकाने आपलंच पुन्हा सांगितलं, भांडणात आवाज चढवावा तसं. तेव्हाच्या आंतरराष्ट्रीय नियमांत एक, दोन, तीन एवढ्याच हाका होत्या. आजचे पाच आखूड नंतर आले. "आपलं जुळत नाहीये" असं म्हणायला त्यांच्याकडे भोंगाच नव्हता. इंजिन मागे घ्यायची सोय मात्र दोघांकडे होती. पहिल्या न जुळणाऱ्या उत्तरालाच ती वापरली असती तर?

शेवटच्या क्षणी 'माँ-ब्लाँ'ने सुकाणू पूर्ण डावीकडे टाकून 'इमो'च्या पुढून निघायचा प्रयत्न केला. जहाजं जवळजवळ समांतर झाली होती. तेवढ्यात 'इमो'चे तीन भोंगे, इंजिन उलटं. रिकामं जहाज, उलटा फिरणारा पंखा, त्यामुळे 'इमो'ची नाळ, म्हणजे पुढचं टोक, उजवीकडे फेकली गेली आणि थेट 'माँ-ब्लाँ'च्या पहिल्या हॅचपाशी घुसली. साधारण पावणेनऊ वाजले होते. टक्कर तशी हळूच झाली. पण पिंपं फुटली, 'इमो' मागे सुटताना ठिणग्या उडाल्या आणि आग लागली. खलाशी होड्यांतून डार्टमथला पळाले. जळतं जहाज वाहत हॅलिफॅक्सच्या धक्क्याला लागलं. लोक काचेच्या खिडक्यांतून आग बघत होते. नऊ वाजून चार मिनिटांनी स्फोट झाला. सुमारे १,८०० माणसं गेली, ९,००० च्या आसपास जखमी झाली. डोळे गमावलेल्यांची संख्या मोठी होती, कारण त्या खिडक्या.

कॅप्टन_आबा

सुकाणू, नेटकं मांडलंत. खटल्याचं मी जोडतो. पहिल्या चौकशीत सगळा दोष 'माँ-ब्लाँ'वर टाकला होता. युद्धाचे दिवस, फ्रेंच जहाज, स्फोटकं त्याचीच, लोक चिडलेले. पुढे १९१९ मध्ये कॅनडाच्या सुप्रीम कोर्टाने आणि १९२० मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने (तेव्हाचं शेवटचं अपील न्यायालय) दोन्ही जहाजं सारखीच दोषी धरली. चुकीच्या बाजूला 'इमो' होतं, मग 'माँ-ब्लाँ' दोषी कसं, असं तरुण अधिकारी मला नेहमी विचारायचे. त्याला उत्तर एकच: आपली बाजू बरोबर आहे म्हणून टक्कर होऊ द्यायची मुभा नियम कुणालाच देत नाहीत.

आजच्या नियमांतही तेच आहे. लहान बोटीने मोठ्या जहाजाची वाट अडवायची नाही, हे खरं. पण ती आडवी आलीच आणि टकरीचा धोका निर्माण झाला, तर मोठ्या जहाजाने बाकीचे सगळे नियम पाळायचेच असतात. "तिने अडवायला नको होतं" हे वाक्य नंतर कोर्टात बोलायचं. ब्रिजवर, म्हणजे जिथून जहाज चालवतात तिथे, त्याचा काही उपयोग नाही.

नाखवाची_लेक

आबा, तुमचं शेवटचं वाक्य फ्रेम करून प्रत्येक ब्रिजवर लावा.

आमच्या बाजूने थोडं बोलते. आमची डोल पिढ्यान्‌पिढ्या ठरलेल्या जागी लागते. खुंट ठोकलेले असतात, भरती-ओहोटीच्या ओढीवर जाळं उघडतं, बोंबील-जवळा त्यातच येतो. डोल काही ट्रॉलर नाही की उचलून दुसरीकडे नेली. चॅनेल नंतर आला, खोल केला, रुंद केला, बोये लावले. मग एके दिवशी आमच्याच जागेला "चॅनेल" म्हणायला लागले आणि नियम नऊ दाखवायला लागले. मोठं जहाज वरून गेलं की जाळं फाटतं. फाटलेल्या जाळ्याचे पैसे मागायला गेलं की एक ऑफिस दुसऱ्याकडे पाठवतं.

भोंग्याचं म्हणाल तर रात्री ओहोटीला इंजिनाच्या आवाजात लांबचा भोंगा ऐकूच येत नाही. माझे बाबा इंजिन बंद करून कान द्यायचे. तरुण पोरं आता मोबाइलवर ॲपमध्ये जहाजं बघतात.

सुकाणू

नाखवाची_लेक, तुमच्या बाबांनी पाचवा नियम पाळला. पहारा डोळ्यांनी आणि कानांनी ठेवायचा असं तिथे स्पष्ट म्हटलंय.

डोलीबद्दल: नियम नऊ मासेमारीत गुंतलेल्या बोटीबद्दल बोलतो. नुसत्या खुंटांवर उभं असलेलं, जवळ बोट नसलेलं जाळं म्हणजे जहाज नव्हे. तिथे टक्कर-नियमाचा मुद्दाच येत नाही, तिथे जागेच्या हक्काचा आणि भरपाईचा प्रश्न आहे. या धाग्याला तो पेलणार नाही. पण "नियम नऊ" दाखवून तो मिटवता येत नाही, एवढं मी ठामपणे म्हणेन.

देवगडचो_झिलगो

आमच्या होडयेर भोंगो खंयचो? तांडेल बोंब मारता, तोच भोंगो. 😀

कॅप्टन_आबा

झिलग्या, तुझा तांडेल कायद्यात बसतो बरं का! १२ मीटरपेक्षा लहान होडीला ठरावीक भोंगा सक्तीचा नाही, पण आवाज करायचं काहीतरी चांगलं साधन हवंच. १२ मीटरपासून पुढे भोंगा लागतो, २० मीटरपासून घंटाही, आणि १०० मीटरच्या वर मागच्या बाजूला घंटेशी घोटाळा होणार नाही असं घणघणणारं तबक. नांगरलेलं लांब जहाज धुक्यात पुढे घंटा आणि मागे तबक वाजवतं. ऐकणाऱ्याला त्यावरून दोन टोकं कळतात.

भोंग्याचा सूरही ठरलेला आहे. २०० मीटर किंवा त्याहून लांब जहाजाचा सूर ७० ते २०० हर्ट्झ, म्हणजे खर्जात. ७५ मीटरपेक्षा लहान असेल तर २५० ते ७००. त्यामुळे सरावलेला कान अंधारातही आवाजावरून साधारण माप सांगतो. मोठ्याचा भोंगा २ सागरी मैल ऐकू जावा अशी अपेक्षा आहे, २० मीटरपेक्षा लहानाचा अर्धा मैल. वारा उलटा असला की यातलं निम्मंही हाती लागत नाही, ते वेगळं.

कुंभारजुवेकर

गोव्यातून लिहितोय. हा धागा म्हणजे माझं लहानपणच. बाबा खनिजाच्या बार्जवर सारंग होते. मांडवी-झुवारीतून माल मुरगावला जायचा. पावसाळ्यात मांडवीच्या तोंडाशी आग्वादची रेती धोकादायक होते, तिथली वाहतूक बंद होते, मग बार्ज कुंभारजुव्याच्या कालव्यातून झुवारीत उतरायच्या. तो कालवा बघितला असेल तर कळेल. वळणंच वळणं, दोन्ही बाजूला खारफुटी, समोरून काय येतंय ते शेवटपर्यंत दिसत नाही. (आणि काठावर मगरी. पर्यटकांना आता त्याच दाखवतात.)

तिथे वळणाच्या आधी एक लांब भोंगा द्यायचा. पलीकडून कुणी असेल तर तोही एक लांब देतो. उत्तर आलं की वेग आणखी कमी करायचा आणि भरलेली कोण, रिकामी कोण हे एकमेकांना कळेपर्यंत कड सोडायची नाही. बाबा म्हणायचे, उत्तर आलं नाही तर जास्त घाबरायचं. समोर कुणी नसेल, किंवा असेल आणि झोपलेला असेल.

प्रश्न: हा लांब भोंगा फक्त वळणासाठीच का? आणि फेरीबोटीचं काय? पणजी-बेती, रायबंदर-चोडण, सगळ्या फेऱ्या चॅनेलला आडव्या. बार्जवाल्यांचं आणि फेरीवाल्यांचं कायम वाजायचं.

सुकाणू

वळणाचा नियम तुम्ही लिहिलात तसाच आहे, फक्त तो नुसत्या वळणापुरता नाही. ज्या ज्या ठिकाणी मध्ये काहीतरी आडवं येऊन पलीकडचं जहाज दिसत नाही तिथे तो लागतो. आणि त्याची एक खासियत: एक, दोन, तीनचे भोंगे फक्त एकमेकांना दिसणाऱ्या जहाजांसाठी असतात. वळणावरचा लांब भोंगा न दिसणाऱ्यासाठीच असतो.

फेरीबोट आडवी जाते म्हणून तिचा दर्जा कमी होत नाही. बार्ज चॅनेलबाहेर जाऊच शकत नसेल तर फेरीने तिच्या वाटेत यायचं नाही, थांबायचं. पण बार्जला बाजूला भरपूर पाणी असेल तर मग नेहमीचा आडव्या गाठीचा नियम: ज्याला दुसरा आपल्या उजव्या बाजूला दिसतो त्याने वाट द्यायची. भांडण बहुतेक वेळा इथेच होतं, की बार्जला खरंच बाहेर जाता येत नव्हतं का. भरलेली बार्ज आणि ओहोटी असेल तर उत्तर सोपं. रिकामी बार्ज भरतीला जात असेल तर फेरीवाल्याचं म्हणणं मी आधी ऐकेन.

शंकासुर

एक बारीक शंका. आपण रस्त्यावर डावीकडून चालतो, जहाजं उजवीकडून. नवा सारंग गोंधळत नाही का?

कुंभारजुवेकर

सारंग नाही गोंधळत. फेरीवर स्कूटर घेऊन चढणारे गोंधळतात, ते कुठल्याच बाजूने चालत नाहीत.

शंकासुर

😄 बरं, मूळ मुद्दा. आता रडार आहे, एआयएस (जहाजाचं नाव आणि जागा आपोआप कळवणारी यंत्रणा) आहे, व्हीएचएफ रेडिओ आहे. नाव घेऊन सरळ बोला ना. "मी उजवीकडे येतो, तुम्ही तुमच्या उजवीकडे राहा." भोंगा हे वाफेच्या काळातलं सोंग नाही का राहिलं?

कॅप्टन_आबा

हे ऐकायला बरं वाटतं. प्रत्यक्षात व्हीएचएफवर "माझ्या पुढचं जहाज" असं म्हटलं की त्या भागातल्या चार जणांना ते आपल्यालाच वाटतं. मग चुकीचाच माणूस "ओके" म्हणतो. त्यात दोघांचं इंग्रजी दोन वेगळ्या देशांतलं. ब्रिटनच्या सागरी प्रशासनाने टक्कर टाळण्यासाठी व्हीएचएफवर विसंबू नका, असा इशारा लेखी देऊन ठेवलाय, कारण बोलण्यात वेळ गेला आणि टक्कर झाली अशी प्रकरणं त्यांच्या हाती आली. शिवाय रेडिओवर कुणी नियमाविरुद्ध ठरवून घेतलं आणि ते फसलं, तर दोष दोघांच्या डोक्यावर. 'क्लारा'ने आणि 'इमो'नेही असंच नियमाविरुद्ध ठरवून घेतलं होतं. ते जमलं म्हणून दोघं सुटले, आणि त्याची किंमत तिसऱ्याने दिली.

एआयएसचं म्हणाल तर नाखवाची_लेकच्या होडीवर ते आहे का हो?

मी व्हीएचएफच्या विरोधात नाही. पायलट, म्हणजे बंदरातले वाटाडे, एकमेकांशी बोलतात, बंदराची वाहतूक नियंत्रण सेवा बोलते, ते चांगलंच आहे. पण भोंगा ज्या क्षणी वाजतो त्या क्षणी ते जहाज खरंच वळत असतं, आणि कुठलं वळतंय ते ऐकणाऱ्याला समोर दिसत असतं. रेडिओला हे जमत नाही.

हडसनकाठ

न्यू जर्सीहून. इथे आबांना एक धक्का देतो. 😊

सँडी हुकच्या आत, न्यूयॉर्क बंदरात अमेरिकेचे अंतर्गत नियम चालतात. तिथे एक आखूड भोंगा म्हणजे "मी वळतोय" नव्हे. त्याचा अर्थ "मी तुला माझ्या डाव्या बाजूला ठेवून जाणार आहे." समोरच्याला पटलं तर तोही एक देतो. नाही पटलं तर पाच. म्हणजे प्रस्ताव आणि मंजुरी. दोघं अर्ध्या मैलाच्या आत येणार असतील तेव्हा हे करायचं. आणि रेडिओवर बोलून ठरवलं असेल तर भोंगा नाही दिला तरी चालतं, तशी मुभा नियमातच आहे. मिसिसिपीसारख्या नद्यांवर प्रवाहाबरोबर खाली येणाऱ्याला वाट मिळते, कारण त्याला थांबणं अवघड.

धक्क्यावरून निघताना एक लांब भोंगा हाही इथलाच नियम. स्टेटन आयलंडच्या फेरीवर रोज ऐकायला मिळतो.

सुकाणू

वा, हे यायलाच हवं होतं. आपल्याकडे समुद्रावर चालतात ते आंतरराष्ट्रीय नियम, आणि त्यांत एक-दोन-तीन ही मंजुरीची भाषा नाही. एक अपवाद सोडून: ओव्हरटेकिंग. अरुंद चॅनेलमध्ये पुढच्याने सरकून जागा दिल्याशिवाय ओव्हरटेक होणार नसेल, तर मागचा विचारतो. दोन लांब, एक आखूड म्हणजे "तुझ्या उजव्या बाजूने जातो". दोन लांब, दोन आखूड म्हणजे "डाव्या बाजूने". पुढच्याला मान्य असेल तर लांब-आखूड-लांब-आखूड. मान्य नसेल किंवा शंका असेल तर तेच पाच आखूड. इथे गप्प बसणं म्हणजे होकार नव्हे. उत्तर येईपर्यंत मागेच राहायचं.

अनामिका_त

पण ओव्हरटेकिंगलाच एवढी मंजुरी कशाला? समोरासमोर येणं जास्त धोक्याचं वाटतं.

कॅप्टन_आबा

चांगला प्रश्न. समोरासमोरची दोन जहाजं एकमेकांजवळून झटकन निघून जातात. ओव्हरटेक करणारं जहाज बराच वेळ दुसऱ्याच्या शेजारी राहतं, आणि तेवढा वेळ पाणी आपलं काम करत असतं. दोन सांगाड्यांमधल्या अरुंद जागेत पाण्याचा वेग वाढतो, दाब कमी होतो, जहाजं एकमेकांकडे ओढली जातात. लहान असेल ते जास्त ओढलं जातं. २० सप्टेंबर १९११ ला इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यालगतच्या सोलेंट सामुद्रधुनीत 'ऑलिंपिक' या प्रचंड प्रवासी जहाजाच्या बाजूला ब्रिटिश नौदलाची क्रूझर 'हॉक' अशीच जाऊन घुसली. ओढीचं शास्त्र त्या खटल्यात भरपूर चघळलं गेलं. ज्याला शंका असेल त्याने 'ऑलिंपिक'च्या मागच्या बाजूला पडलेल्या भगदाडाचे फोटो बघावेत.

काठाचंही तसंच. जहाज काठाजवळून वेगात गेलं की मागचा भाग काठाकडे ओढला जातो आणि नाळ काठापासून दूर, चॅनेलच्या मध्याकडे ढकलली जाते. म्हणजे "उजव्या कडेला चिकटून चाला" हे पाळतानाच जहाज समोरच्यावर जाऊ शकतं. त्यासाठीच त्या वाक्यात "सुरक्षितपणे जमेल तितकं" हे शब्द आहेत. उपाय एकच, वेग कमी. २०२१ मध्ये सुवेझमध्ये 'एव्हर गिव्हन' अडकलं तेव्हा काठाच्या या परिणामाची चर्चा सगळीकडे झाली होती. कमी पाण्यात वेग वाढवला की जहाज आणखी खालीही बसतं, ते वेगळंच दुखणं.

नाखवाची_लेक

आणि त्या ओढीत आमची होडी आली की? मोठ्या जहाजाच्या शेजारून जाऊ नको, असं आजा सांगायचा. त्याला दाब-बिब माहीत नव्हता, पण "ते बोलावतं" म्हणायचा.

अनामिका_त

धुक्यात हे सगळं कसं चालतं? डिसेंबर-जानेवारीत सकाळी लाँचने जाते, तेव्हा आजूबाजूला नुसते भोंगे ऐकू येतात आणि जीव घाबरतो.

सुकाणू

धुक्यात भाषाच बदलते. इंजिनवर चालणारं जहाज दर दोन मिनिटांच्या आत एक लांब भोंगा देतं. पाण्यात सुटं आहे पण थांबलेलं आहे, तर दोन लांब. शिडाची होडी, मासेमारी करणारी बोट, ओढणारी टग, सुकाणू बिघडलेलं जहाज, किंवा पाण्याच्या खोलीमुळे वाट सोडू न शकणारं मोठं जहाज, या सगळ्यांचा एक लांब, दोन आखूड. म्हणजे "माझ्याकडून चपळाईची अपेक्षा ठेवू नका." नांगरलेलं असेल तर दर मिनिटाला पाच सेकंद घंटा. त्याला जवळ येणाऱ्याला सावध करायचं असेल तर एक आखूड, एक लांब, एक आखूड.

धुक्यात समोरचा दिसत नसताना उजवीकडे वळलात तरी एक आखूड द्यायचा नाही. पुष्कळांना हे माहीत नसतं. ज्याला तुम्ही दिसतच नाही तो "उजवीकडे" म्हणजे कुठून कुठे हे कसं ठरवणार? आवाज पुढून येतोय असं वाटलं आणि रडारवर खात्री होत नसेल, तर सुकाणू धरता येईल इतपतच वेग ठेवायचा, गरज पडली तर पूर्ण थांबायचं.

लाँचवरून तुम्हाला ऐकू येतात त्यातले बरेचसे नुसते लांब भोंगे असतील. ते नेहमीचेच. घाबरायचं तर पाच आखूड ऐकल्यावर.

शंकासुर

मुंबईच्या चॅनेलमध्येही झालीये ना मोठी टक्कर? कंटेनर तरंगत होते ती?

कॅप्टन_आबा

७ ऑगस्ट २०१०. 'एमएससी चित्रा' जेएनपीटीहून बाहेर पडत होतं, 'खलिजिया-३' आत येत होतं. प्राँग्ज दीपगृहाच्या बाजूला टक्कर झाली, 'चित्रा' कलंडलं, शेकडो कंटेनर पाण्यात पडले, तेल किनाऱ्याला लागलं. मुंबई आणि जेएनपीटी दोन्हींना मुख्य चॅनेल एकच, त्यामुळे दोन्ही बंदरं काही दिवस ठप्प होती. पाण्याखाली कुठे कुठे कंटेनर आहेत ते शोधल्याशिवाय जहाज सोडणार कसं? अरुंद चॅनेलमध्ये टक्कर झाली की दोन जहाजांपुरतं काही राहत नाही. नाखवाची_लेकला त्या दिवसांतल्या मासळीचं विचारा.

नाखवाची_लेक

मासळी होती, घेणारं कुणी नव्हतं. तेलाच्या भीतीने लोक आठवडेच्या आठवडे मासे खायला तयार नव्हते.

शंकासुर

आणि डिसेंबर २०२४ ची एलिफंटाच्या फेरीबोटीची? तिथेही भोंगा दिला असता तर?

सुकाणू

ती या धाग्यात बसवू नये असं मला वाटतं. नौदलाने सांगितलं त्यानुसार, फेरीबोटीला धडकलेल्या त्यांच्या स्पीडबोटीवर इंजिनची चाचणी चालू होती आणि ताबा सुटला. सुकाणू हातात नसेल तर भोंग्याने काय सांगणार? तिथले प्रश्न प्रवासी बोटींच्या वाटेजवळ चाचणी घेण्याचे आणि लाइफ जॅकेटचे आहेत. लाइफ जॅकेटवर वेगळा धागा कुणी काढत असेल तर मी येतो.

कुंभारजुवेकर

एक राहिलं. भोंग्याबरोबर दिवाही वापरतात ना? बाबा रात्री भोंग्याबरोबर वरचा दिवा मारायचे.

सुकाणू

हो, एक-दोन-तीनच्या जोडीला तितकेच झोत देता येतात. एक झोत उजवीकडे, दोन डावीकडे, तीन इंजिन उलटं. पाच आखूडांबरोबरही निदान पाच झोत चालतात. पांढरा दिवा, चहूबाजूंनी दिसणारा. शहराच्या उजेडात हरवलेली बोट शोधायला तो फार उपयोगी पडतो, कारण चार भोंग्यांच्या गलक्यात नक्की कोण बोललं ते दिव्याने कळतं. पणजीच्या किनाऱ्यावर आता कॅसिनोंचे दिवे आहेत, तिथे तो कितपत उठून दिसतो ते तुम्हीच सांगा.

कुंभारजुवेकर

नाही दिसत. फेरीवाले हल्ली भोंग्यावरच भर देतात, आणि कॅसिनोतलं संगीत चालू असलं की तोही दोनदा द्यावा लागतो.